मॅनहॅटनमध्ये मराठी कार्यक्रम: केबलवर की यूट्यूबवर?

मॅनहॅटनमध्ये राहणारी मैत्रीण विचारतेय, मराठी गप्पांचा कार्यक्रम यूट्यूबवर करू की मॅनहॅटन नेबरहूड नेटवर्कवर, म्हणजे तिथल्या केबलवरच्या नागरिकांसाठी राखीव वाहिन्या चालवणाऱ्या संस्थेकडे?

आधी खर्च. यूट्यूबवर जागा फुकट, पण कॅमेरा, दिवे, संकलन सगळं आपलंच. नेटवर्क रहिवाशांना प्रशिक्षण, स्टुडिओ आणि उपकरणं देतं. हे दान नव्हे. शहराचे रस्ते वापरून तारा टाकायच्या, तर काही वाहिन्या नागरिकांसाठी ठेवा, अशी अट केबल कंपन्यांना घातली गेली आणि जुलै १९७१ मध्ये त्या वाहिन्या सुरू झाल्या. त्याच वर्षी माहितीपटकार जॉर्ज स्टोनी आणि त्यांच्या सहकारी रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात अल्टरनेट मीडिया सेंटर काढून सामान्य माणसांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला. मला या इतिहासाचा मोह आहे, हे उघडच आहे!

मेहनत नेटवर्ककडे जास्त: आधी शिका, मग प्रसारणाची वेळ मिळवा, ठरल्या दिवशी भाग द्या. जाहिरात चालत नाही.

स्वातंत्र्याचं काय? यूट्यूबवर कंपनीचे नियम. नेटवर्क त्या मानाने मोकळं. मात्र ती खासगी संस्था असल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक हमी पाळण्याचं बंधन तिच्यावर नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं.

टिकाऊपणात दोन्ही सारखेच बेभरवशाचे. मूळ फाइल स्वतःकडे ठेवायची.

पुण्यातल्या आजीपर्यंत पोचायचं असेल तर यूट्यूब. कॅमेरा कधी हाताळलाच नसेल, शेजारपाजारची माणसं जोडीला हवी असतील, तर नेटवर्क.