बायबलच्या गोष्टी ‘आतल्या’ अर्थाने सांगणारा ऑडिओ कोर्स: ऐका, पण मूळ अध्याय उघडून

१२ भागांचा कोर्स परवा ऐकून संपवला, डोक्यात ताजा आहे तोवर लिहून टाकतो. विषय असा की बायबलमधली माणसं, गावं, लढाया सगळं आपल्या आतच चाललंय आणि देव म्हणजे आपल्यातलं ते ‘मी आहे’. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायात संदेष्टा मोशे देवाला नाव विचारतो तर उत्तर येतं ‘मी आहे तो आहे’, अख्खा कोर्स त्या एका वाक्यावर उभाय.

सगळ्यात भारी भाग याकोब आणि एसावचा. बाप इसहाक म्हातारा, डोळ्यांनी दिसत नाही, थोरला एसाव केसाळ, आणि धाकटा याकोब हाताला-मानेला करडांची कातडी गुंडाळून थोरल्याचा आशीर्वाद उचलतो. इथे एसाव म्हणजे समोरची परिस्थिती, याकोब म्हणजे आपल्याला हवं ते, आणि आंधळा बाप आपणच, म्हणजे डोळे मिटायचे आणि हवं ते मनात इतकं खरं करायचं की हाताला लागलं पाहिजे. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, पण अशी कधी दिसलीच नव्हती, दोनदा ऐकला तो भाग.

पण कोर्स आशीर्वादापाशीच थांबतो ना! ही गोष्ट ज्यात आहे त्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात पुढे याकोबाला घर सोडून पळावं लागतं, मामाची मुलगी राहेल बायको म्हणून मिळावी यासाठी त्याच्याकडे ७ वर्षं राबतो आणि लग्नानंतर सकाळी बघतो तर शेजारी तिची थोरली बहीण लेआ. आंधळ्या बापाला फसवणारा स्वतःच अंधारात फसला. गोष्ट माझ्या आतली असेल तर हेही माझ्या आतलंच की, ते कोण सांगणार?

गिदोन या सेनानायकाचा भाग ठीकठाक, लढाईआधी त्याच्या ३२,००० माणसांतून ३०० उरतात, म्हणजे शंका गळून पडतात वगैरे. यरीहो शहराच्या कोसळणाऱ्या भिंतींचा भागही तसाच.

दुसरी कुरकुर म्हणजे ‘आजवर लपवलेलं रहस्य’ हे पालुपद. अहो, अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो पहिल्या शतकातच मोशेचे ग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तकं) रूपक म्हणून वाचत होता आणि याकोब-एसावचा हाच अर्थ गूढवादी लेखक नेव्हिल गोडार्ड (१९०५–१९७२) अमेरिकेत व्याख्यानांतून सांगायचा. नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं.

खरं खटकलं ते बेथेस्दाच्या तळ्यापाशी, ज्याच्या पाण्यात उतरलं की बरं होतं असं लोक मानायचे. ३८ वर्षं आजारी माणसाला येशू विचारतो, तुला बरं व्हायचंय का, आणि तो हो म्हणायचं सोडून मला पाण्यात सोडायला कोणी नाही हेच सांगत बसतो. इथवर मस्त, मीही असाच बोलतो कधीकधी. पण मग निवेदक म्हणतो की आजार त्यानेच धरून ठेवला होता. खरोखर अंथरुणावर असलेल्या कुणी हे ऐकलं तर? बायबलमध्ये ईयोब नावाचा सज्जन माणूस काही दोष नसताना हाल भोगतो, त्याचे मित्रही त्याला हेच ऐकवत होते, दोष तुझाच म्हणून, आणि त्याच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवरच भडकतो. १२ भागांत ईयोबाचं नावसुद्धा नाही. प्रश्नोत्तरात विचारलं तर म्हणाले, ‘ही शंका म्हणजे तुमच्यातला फारो बोलतोय.’ म्हणजे मोशेचं न ऐकणारा इजिप्तचा राजा. घ्या!

३ स्टार. मागे सतत वाजणारी बासरी नसती तर साडेतीन दिले असते. पुढचा सीझन काढणारेत म्हणे, त्यात ईयोब असला तर घेईन.