बर्फावरच्या गळाची काठी: ग्रॅफाइट की फायबरग्लास?

गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायची काठी जेमतेम दोन-अडीच फुटांची, त्यामुळे ब्लँक, म्हणजे मूठ-कड्या लावण्याआधीचा नुसता दांडा, कशाचा घेता यावर बरंच काही ठरतं. ग्रॅफाइट (म्हणजे कार्बन फायबर) हलका आणि ताठ; माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. पण कुठे आपटून चरा पडला, की पुढच्या ताणाला तिथेच मोडू शकतो.

भरीव फायबरग्लास जड, जरा मंद. तरी हौसेने काठी बांधणाऱ्याला मी तोच सुचवेन. ड्रिलमध्ये धरून फिरवायचा, सँडपेपरने टोक थोडं थोडं उतरवायचं, मधूनमधून वाकवून बघायचं. हवा तसा लवचीकपणा आपल्याच हाताने आणता येतो. ती धूळ वाईट, मास्क हवाच. गळाची दोरी ज्यांतून जाते त्या कड्या बसवायला दोरा गुंडाळणं, त्यावर इपॉक्सी (घट्ट होणारा राळेचा थर) लावणं दोन्हींत सारखंच. टोकाची कडी मात्र मोठी घ्या. बारीक कडीत बर्फ लगेच साचतो.