गर्भाशयातील गाठी: सिद्ध वैद्यक की आधुनिक उपचार?

चेन्नईत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड म्हणजे गाठ असल्याचे कळले आणि ‘सिद्ध’ या पारंपरिक तमिळ वैद्यकपद्धतीच्या वैद्यांकडे जावे की स्त्रीरोगतज्ज्ञांचे ऐकावे, असा तिला पेच पडला.

निदानातच दोन्हींची भाषा वेगळी आहे. तमिळनाडूतील सिद्ध परंपरा वात, पित्त आणि कफ यांचा तोल बिघडल्याने विकार होतो असे मानते आणि नाडी, जीभ, मूत्र आदी आठ परीक्षांवरून प्रकृती ठरवते. आधुनिक वैद्यक फायब्रॉइडला इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने वाढणारी, बहुतांशी कर्करोग नसलेली स्नायूंची गाठ मानते. तिची जागा आणि आकार मात्र सोनोग्राफीसारखी तपासणीच दाखवते.

परिणामांबाबत माझे मत स्पष्ट आहे. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या औषधाने रक्तस्राव घटतो, गाठ जात नाही; शस्त्रक्रियेने केवळ गाठ काढली तर गर्भाशय वाचते, पण नव्या गाठी होऊ शकतात; गर्भाशयच काढल्यास प्रश्न कायमचा मिटतो, मात्र गर्भधारणा शक्य राहत नाही. सिद्ध औषधांनी गाठ विरघळते, याला मोठ्या नियंत्रित चाचण्यांचा आधार नाही. शिवाय काही सिद्ध औषधांत पारा आणि इतर धातू असतात, म्हणून नोंदणीकृत वैद्याशिवाय ती घेणे धोक्याचे आहे.

गाठ लहान असून त्रास नसेल, किंवा रजोनिवृत्ती जवळ आली असेल, तर सोनोग्राफीने लक्ष ठेवत सिद्ध पद्धतीचा आहारविचार पाळायला हरकत नाही. अतिरक्तस्राव, रक्तक्षय, वेगाने वाढणारी गाठ किंवा मूल हवे असणे, यांपैकी काहीही असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच जावे.