एकच धागा जाळून खात्री करू नका

लेकीच्या लग्नाच्या घागऱ्याचं कापड घेताना मी फसले. वीस वर्षं घरी शिवणकाम करते, तरी फसले. तुमच्या घरी यंदा लग्न असेल तर हे वाचाच.

लग्न वैशाखातलं. ठाण्याच्या त्या उकाड्यात बारा कळ्यांचा घागरा पोरीने चार-पाच तास अंगावर वागवायचा, म्हणून कापड शुद्ध रॉ सिल्कच हवं होतं. स्टेशनजवळच्या एका दुकानात डाळिंबी रंगाचा तागा आवडला. ९५० रुपये मीटर. मी घुटमळतेय बघून दुकानदाराने स्वतःच कापलेल्या कडेचा एक धागा ओढला नि काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला, राख चिमटीत चुरली. "आता तरी पटलं ना ताई?" पटलं. सात मीटर घेतलं, ६,६५० रुपये मोजले.

घरी कळ्या कापल्या. पहिल्या दोन जोडून शिवणीवर इस्त्री फिरवली, तर कापड तिथल्या तिथे आक्रसलं. रेशीम असं आक्रसत नाही. पोटात गोळाच आला. कातरणीतला तुकडा घेऊन उभे-आडवे धागे सोडवले आणि वेगवेगळे जाळले. आडव्याची राख झाली. उभा वितळला, टोकाला काळा मणी धरला, नखाने फुटेना. बाणा रेशमाचा, ताणा पॉलिएस्टरचा! कापलेल्या कडेवरून ओढलं की आडवाच धागा हाती येतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

परत गेले तर म्हणतो, "सिल्क आहेच की त्यात." बिलावर फक्त 'ड्रेस मटेरियल'. घाईत मी ते वाचलंच नव्हतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण शुद्ध रेशीम म्हणून विकल्याचा कागद माझ्याकडे नाही. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला मात्र घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. पण हातात पुरावा हवा, म्हणूनच बिलावर 'शुद्ध रेशीम' आणि मीटर लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि धागा तुम्ही स्वतः काढा, एक उभा नि एक आडवा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेली शुद्ध रेशमाची 'सिल्क मार्क' ही खूण असेल तर लेबलवरचा होलोग्राम आणि क्रमांक पाहा. दुसऱ्यांदा मी सिल्क मार्क असलेल्या दुकानातच गेले. लग्नाला अकरा दिवस उरले होते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालवलं.

पहिल्या कापडाचा एक तुकडा, काळ्या मण्यासकट, अजून पर्समध्ये आहे. कुणी लग्नाच्या कापडखरेदीला बरोबर चल म्हटलं की निघण्याआधी तो दाखवते.