पुण्याच्या डॉक्टरची गाडी आणि माझे ४,८४,७०० रुपये

गावाचं नाव लिहीत नाही, गावात आधीच पुरेसं हसं झालंय. तापीच्या पट्ट्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, एवढंच सांगतो. केळीवाल्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल, पंपांची बेअरिंगं, २२ वर्षं हाच धंदा. शाफ्ट बोटांत धरून हलवला की बेअरिंग किती दिवस काढेल ते मी सांगतो, आणि लोक माझ्या शब्दावर पैसे मोजतात. अशा माणसाला बेअरिंग गेलेली गाडी ३,६०,००० रुपयांना विकली गेली. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या, पुढे माझं डोकं फिरणार आहे.

गाडी हवी होती कारण मुलगी पुण्याला शिकते आणि आईचे गुडघे गेलेत, तिला एसटीची पायरी चढवत नाही. हे खरं कारण. दुसरंही खरंच आहे. माझ्या साडूने नवीकोरी गाडी घेतली आणि फेब्रुवारीतल्या एका लग्नात किल्ली पंगतीत ताटाशेजारी ठेवून जेवला. जेवण होईपर्यंत मी ती किल्लीच बघत होतो.

जाहिरात कशी होती ते सांगायला नको, सगळ्या सारख्याच असतात. पुणे पासिंग, सिंगल ओनर, डॉक्टर वापर, नॉन अ‍ॅक्सिडेंट. २०१३ ची युरोपियन सेडान, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, मीटरवर ६१ हजार. नवी होती तेव्हा पंधरा लाखांच्या पुढची. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष गाडीचा नाही, तिचं तेल वेळेवर न बदलणाऱ्याचा आणि नंतर ते झाकणाऱ्याचा आहे. मागणी ४,२५,००० ची. मी ३,६०,००० वर आणली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, ६५ हजार वाचवले. ती काही बोलली नाही. आजही बोलत नाही, ते जास्त लागतं.

गाडी महामार्गालगतच्या एका कार बाजारात होती. फोनवर तिथला डीलर म्हणाला, "भाऊ, यायच्या आधी फोन करज्यात, गाडी धुईसन ठेवस." किती अगत्य! मी मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी साडेसातला पोहोचलो. गाडी लिंबाच्या झाडाखाली, धुतलेली, चकचकीत. त्याने चहा मागवला.

आता तो क्षण. सहा महिने झाले, झोप लागत नाही तेव्हा मी त्याच लिंबाखाली उभा असतो.

मी बॉनेटवर हात ठेवला. सवयच आहे, दुकानात कुठलीही मोटार आली की आधी पालथा हात अंगाला लावतो. बॉनेट गरम होतं. नुसतं कोमट नव्हे, हात काढून घ्यावा इतकं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आत्ताच धुवायला नेली होती." आणि मी मनात म्हणालो, मे महिना आहे, आपल्याकडचं ऊन, पत्रा तापणारच. सकाळी साडेसातला! सावलीत! तेवढ्यात चहा आला. ग्लास ठेवायला जागा नव्हती म्हणून मी तो शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला, आणि ठेवताना हात टेकला. ते बॉनेट गार होतं. दोन्ही बॉनेटं एकाच झाडाखाली, एकाच हाताला कळलेली. मी चहा प्यालो आणि "चला, एक राउंड मारू" म्हणालो.

थंड इंजिन सुरू करताना जे दिसतं ते गरम इंजिन दाखवत नाही, यासाठीच तो आधी फोन करायला सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या थरावर तरंगतो. तेल वर्षानुवर्षं बदललं नाही की त्याचा गाळ होतो, टर्बोकडे जाणारी बारीक नळी तुंबते, बेअरिंग झिजतं. मग तेल सीलमधून झिरपून जळतं आणि रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की निळसर धूर सोडते. काळा धूर वेगळा, तो जास्तीच्या इंधनाचा. निळा दिसला की तेल. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते दाखवलं गेलं नाही आणि मी ते मागितलं नाही.

राउंडला एसी फुल, गाणी फुल. वर तो सारखा बोलत होता. "डॉक्टरनी गाडी शे भाऊ, तुमले खोटं सांगसू का?" गाणी बंद करा एवढंसुद्धा मी म्हणालो नाही. टर्बोची बारीक शिट्टी नॉर्मल असते, पण सायरनसारखी चढत जाणारी शिट्टी नॉर्मल नसते, आणि ती ऐकायची तर कान मोकळे लागतात. रस्ताही सपाट होता. सरळ हायवेवर खटारासुद्धा पळतो.

आणि ब्रेकच्या पेडलचं रबर नवं होतं. ६१ हजार चाललेल्या गाडीला पेडलचं रबर बदलायची वेळ येते का? मला ते पाहून उलट बरं वाटलं, म्हटलं मालक टापटीप आहे.

पैसे असे गेले. टोकन ११,००० यूपीआयने. १,८९,००० बँकेतून, पण खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर. १,६०,००० रोख, पावती नाही, "पावती करू तर तुम्हालाच टॅक्स बसेल" म्हणाला. कसला टॅक्स, ते मी विचारलं नाही. ट्रान्सफरच्या कागदांचे १२,५००. त्याच गडबडीत ५०० च्या स्टॅम्पवर सही घेतली: गाडी जशी आहे तशी, पाहून, चालवून, समजून घेतली. माझ्या दुकानात कुणी न वाचता सही केली असती तर मी त्याला अडवलं असतं.

१९ दिवस गाडी मस्त चालली. साडूच्या दारावरून दोनदा नेली, तेही लिहून टाकतो.

मग मुलीला आणायला पुण्याकडे निघालो. चाळीसगाव सोडलं, कन्नड घाट लागला. तिसऱ्या वळणानंतर शिट्टी वाढली, मग कुणीतरी पत्रा करवतीने कापतंय असा आवाज, आणि पिकअप गेला. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसता निळा-पांढरा धूर. मागून मोटारसायकलवाला ओरडत आला, "काका, पेटली!" पेटली नव्हती. आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणायला लागली. गाडी कडेला घेतली आणि चार तास टोइंगवाल्याची वाट बघितली. धुळ्यापर्यंत ७,५००.

धुळ्याच्या मेकॅनिकने हवेचा पाइप काढला आणि मला म्हणाला, "तुम्हीच हलवून बघा." टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित प्ले, म्हणजे हलायला जागा, असतो, तो तेलाच्या थरासाठी लागतो. पण मागे-पुढे तो बोटाला जाणवेल इतका हलता कामा नये. माझ्या बोटात तो मागे-पुढे खटखट वाजत होता. पात्यांच्या कडा बाहेरच्या कवचावर घासून चमकत होत्या. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप त्याने तिरका केला, तर अर्धा कप काळं तेल फरशीवर पडलं.

मग त्याने स्कॅनर लावला. इंजिनचा कॉम्प्युटर एक आकडा जपून ठेवतो: शेवटचे फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, पुसल्यापासून गाडी किती धावली. तो आकडा ६५२ किलोमीटर. घेतली तेव्हाचं मीटर ६१,४१२, मी वहीत लिहून ठेवलं होतं. घाटात ६२,०४६. म्हणजे माझ्याकडे ६३४. उरलेले १८ किलोमीटर मी गाडी घ्यायच्या आधीचे, राउंडचे धरून. त्याच सकाळी कोणीतरी चेक इंजिनचा दिवा विझवला, इंजिन तापवलं, गाडी धुतली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. हा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो. माझ्याकडे नव्हता. तुम्ही घ्या.

मीटरचं नंतर कळलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबर दिला तर २०२१ च्या नोंदीतच १,१८,००० किलोमीटर. त्यानंतर नोंदच नाही. हे मी आधी मागवू शकलो असतो. मालकाकडून मागवा, मालक "देतो देतो" करत असेल तर परत फिरा.

हिशोब: रिकंडिशन टर्बो ६८,०००, इंटरकूलर आणि पाइप धुलाई ६,४००, तेल, फिल्टर आणि नळी ११,८००, मजुरी ९,०००. जुनी ई-चलनं "भरतो" म्हणाला होता, ती मीच भरली, ९,५००. ती सरकारी अ‍ॅपवर आधीच बघता येतात, फुकट. टोइंगसकट सगळं मिळून ४,८४,७००.

त्याला फोन केला तर म्हणाला, "आपण तर फक्त मध्ये होतो भाऊ, मालक पुण्याचा." पुण्याचा मालक म्हणाला, मी गाडी दोन वर्षांपूर्वी एक्स्चेंजमध्ये दिली. आणि तो डॉक्टर नाही, त्याचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला". दुसऱ्या दिवशी "हा दिवाणी मामला आहे". मी म्हटलं, फसवणूक म्हणजे ४२० ना? ठाणे अंमलदार हसले, "४२० गेलं काका, नव्या कायद्यात आता ३१८ आहे." बरं, ३१८ मध्ये घ्या! "गाडी तुमच्या ताब्यात, कागद तुमच्या नावावर, मग फसवणूक कसली?" म्हणजे गाडीही दिली नसती तर फसवणूक झाली असती. दिली ती मेलेली, ते चालतं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा साधा अर्ज घेतला आणि पोच मागितली तर झेरॉक्स मशीन बंद होतं. रस्त्यापलीकडे जाऊन २ रुपयांत झेरॉक्स आणली, तर शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली साहेबांकडे. साहेब बंदोबस्ताला.

परिवहन कार्यालयात विचारलं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तुमचं अधिकारपत्र लागतं, नमुना २९-ब, या माणसाकडे आहे का? बाबूने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या मुलीचा पगार विचारला. "आम्ही कागद बघतो, इंजिन नाही." मी कागदच विचारतोय! "मग माहिती अधिकारात टाका." टाकलं. उत्तर आलं, माहिती दुसऱ्या शाखेशी संबंधित आहे. दुसरी शाखा त्याच हॉलमध्ये, चार टेबलं सोडून. तुम्ही घेण्याआधी डीलरकडे हे २९-ब मागा. तो "ते काय असतं" म्हणाला तर चहासुद्धा पिऊ नका.

१,६०,००० ची पावती नसल्याने वकील म्हणतात, ती रक्कम सिद्ध करणं अवघड. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंद केलीय. समोरच्याने तो ५०० चा स्टॅम्प लावलाय, माझ्या सहीचा. दोन तारखा झाल्या, दोन्हींना त्याचा वकील मुदत मागून गेला.

गाडी आता शेडमध्ये उभी आहे. रोज सकाळी थंड असताना सुरू करून मागे जाऊन बघतो, धूर नाही. मुलगा म्हणतो, विकून टाका. विकायची तर घेणाऱ्याला मीटरचं आणि घाटाचं सांगावं लागेल, आणि सांगितलं तर दीड लाखही कोणी देणार नाही. परवा एकाचा फोन आला, किंमत विचारत होता. म्हटलं, आधी न सांगता या, मग बोलू. अजून आला नाही.