१६ फुटी पॉन्टून बोट: २३ इंची नळे की २५ इंची?
माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर या दोन बोटी जुळ्या वाटतात. दोन्ही १६ फूट लांब, ८ फूट रुंद, दोन अ‍ॅल्युमिनियम नळ्यांवर तरंगणाऱ्या आणि ४० हॉर्सपॉवरपर्यंतचं आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून लावायचं) इंजिन पेलणाऱ्या. पहिलीत नऊ जण बसतात, दुसरीत सात. मुलाबाळांसह फिरायचं असेल तर सात बैठकांची दुसरीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण डेकखाली, म्हणजे आपण ज्यावर उभे राहतो त्या सपाट जमिनीखाली, आहे.

पहिलीचे नळे २३ इंच व्यासाचे, दुसरीचे २५. दोन इंचांनी काय फरक पडणार, असं वाटतं खरं, पण नळ्याचं आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढतं आणि तरंगण्याची ताकद सुमारे १८ टक्के जास्त मिळते. सरळ दंडगोल धरला तर १६ फुटांचा २३ इंची नळा सुमारे १३०० लिटरचा, २५ इंची सुमारे १५४५ लिटरचा. टोकाच्या निमुळत्या भागामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमीच भरतो. नळे निम्म्याहून जास्त बुडू नयेत असं धरलं, तर बोट, इंजिन, इंधन आणि माणसं मिळून पहिलीला जास्तीत जास्त १३०० किलो, दुसरीला १५४५. दुसरीचा पत्रा जाड आहे (२.५ मिमी, पहिलीचा २) आणि आडवे बीमही जास्त आहेत. ते वजन वजा केलं तरी दोन मोठ्या माणसांइतका फरक उरतो.

उभ्या बोटीत हा फरक जाणवत नाही. बोट चालू असताना चौघं पुढच्या सोफ्यावर जाऊन बसले, त्यात वेग एकदम कमी केला, की पहिलीचं नाक खाली जातं आणि समोरून आलेली लाट थेट डेकवर चढते. पहिलीची बहुतेक बैठक पुढेच आहे, त्यामुळे हे वारंवार होणार. दुसरीत सोफा मधोमध आणि मागे आहे. पहिलीत कठड्याच्या पुढे बसण्याजोगी मोकळी जागाही ठेवली आहे. मुलांना ती नेमकी आवडते, आणि तीच सर्वांत धोक्याची. तिथून घसरलेलं मूल दोन नळ्यांच्या मधून सरळ इंजिनच्या पंख्याकडे जातं. बोट कोणतीही घ्या, इंजिन चालू असताना फाटक बंद आणि सगळे कठड्याच्या आत.

बीममधलं अंतर पहिलीत २४ इंच, दुसरीत १६. अंतर जास्त असलं की पायाखाली प्लायवूड लवतं, स्क्रू ढिले होतात, भोकांतून पाणी मुरतं आणि प्लाय कुजू लागतं. दुसरीचा डेक आरपार नटबोल्टने बसवलेला आहे, हे फार चांगलं.

पहिली हलकी आहे. ट्रेलरवर ओढायला सोपी, उथळ पाण्यात जरा पुढे जाते आणि २० हॉर्सपॉवरवर खुशीत चालते. दोघा-तिघांनी गळ टाकून बसायचं असेल तर तीच पुरेशी. दुसरीला मात्र ३० ते ४० हॉर्सपॉवरचं इंजिन लावा. कठडा आणि छत वारा धरतात, त्यामुळे समोरून वारा आला की लहान इंजिन बोट धक्क्याला नीट लावू देत नाही.

चाचणी फेरी रिकाम्या बोटीने घेऊ नका. घरचे सगळे आणि सामान घेऊन पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनची फेऱ्यांची संख्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसेल तर कमी पिचचा पंखा लावा (पिच म्हणजे एका फेरीत पंखा पाण्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर). पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) वाढतात. बैठका मोजून माणसं भरू नका. बोटीवर लावलेल्या क्षमतेच्या पाटीवरची माणसांची संख्या आणि किलो यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल तीच खरी.

वापरलेली बोट पाहत असाल तर ती काही तास रिकामी पाण्यात ठेवा. एका बाजूला कलली तर त्या नळ्यात पाणी शिरलेलं असण्याची शक्यता मोठी. गळती शोधायला नळ्यात अगदी कमी दाबाची हवा भरून वेल्डिंगवर साबणाचं पाणी लावतात. दाब जास्त झाला तर सांधा उघडतो. नळ्याच्या आत किमान तीन स्वतंत्र बंद कप्पे आहेत का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. कप्पे नसतील तर एका भोकाने अख्खा नळा भरतो.