हरित ठेव ठेवून चौदा महिने झाले, त्याचा अनुभव

2024 च्या दिवाळीआधी एका सरकारी बँकेत दोन लाखांची हरित ठेव ठेवली. इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या मैत्रिणी अजून विचारतात, "काय गं, काही फरक कळतो का?" तोंडी पुष्कळदा सांगून झालं. आता एकदा नीट लिहून काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 मध्ये या ठेवींचे नियम जाहीर केले आणि ते 1 जूनपासून लागू झाले. या ठेवींतून जमलेला पैसा बँकेला सौर-पवन ऊर्जा, विजेची बचत, स्वच्छ वाहतूक, पाणी आणि कचऱ्याचं व्यवस्थापन अशाच कामांत घालावा लागतो. तो तसा गेला की नाही, हे दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घ्यावं लागतं. बाकी सगळं साध्या एफडीसारखंच, पाच लाखांपर्यंतचा ठेव विमासुद्धा. माझ्या बँकेत व्याजदर मात्र साध्या एफडीपेक्षा 0.10 टक्क्याने कमी होता. म्हणजे दोन लाखांवर वर्षाला दोनशे रुपये कमी. घरात यावर चर्चा झाली. पेन्शनवर चालणाऱ्या घरात ती व्हायलाच हवी.

माझा निर्णय झाला तो नियमांतली एक यादी वाचून. हा पैसा कुठे घालायचा नाही, याची ती यादी आहे. कोळसा, तेल यांसारखी जीवाश्म इंधनं, अणुवीज, कचरा जाळणं, दारू, तंबाखू, शस्त्रं, जुगार. आणि त्यातच 25 मेगावॉटपेक्षा मोठे जलविद्युत प्रकल्प.

त्या ओळीवर मी थांबले. 2004 मध्ये मी शाळेत शिकवत होते. पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन महिना उलटल्यावर, सातवीच्या वर्गात एक मुलगी आली. तिचा दाखला माझ्या हातात होता आणि त्यावर गावाचं नाव होतं हरसूद. नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणासाठी ते गाव तेव्हा नुकतंच रिकामं केलं होतं. आठवडाभर ती वर्गात कुणाशी बोललीच नाही. मी हजेरी घेताना ती फक्त "उपस्थित" एवढंच म्हणायची. इंदिरा सागर 1,000 मेगावॉटचा प्रकल्प आहे. त्याच्या विजेने किती घरं उजळली हे मला कळतं, मी धरणांच्या नावाने खडे फोडणारी बाई नाही. पण नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी बँकेत ठेवी ठेवत गेले, आणि त्या पैशातून काय उभं राहतं आणि कुणाचं काय बुडतं, हे मी कधी विचारलं नाही. बँकेनेही कधी सांगितलं नाही. पैसा तिजोरीत पडून राहतो असंच मनात होतं. तो पडून राहत नाही, दुसऱ्या दिवशी कर्ज होऊन बाहेर पडतो.

आता प्रत्यक्ष अनुभव. काउंटरवरच्या मुलाने अशी ठेव असते हेच ऐकलं नव्हतं. "मॅडम, नॉर्मल वाली में ब्याज ज़्यादा है, वही कर दूँ?" चांगला मुलगा होता, माझ्या भल्याचंच सांगत होता. मी हटून बसले तेव्हा त्याने मॅनेजरला बोलावलं. तीन खेपा झाल्यावर ठेव झाली. पावती हातात आली तर तिच्यावर "हरित" हा शब्दच नाही! फक्त योजनेचा एक कोड. तो कोड याच योजनेचा आहे, हे मी मॅनेजरकडून पावतीच्या मागे लिहून, सही-शिक्क्यासह घेतलं. तुम्ही ठेव ठेवलीत तर हे जरूर करा.

वर्ष संपल्यावर बँकेच्या संकेतस्थळावर अहवाल आला. तो शोधायला माझ्या भाच्याला अर्धा तास लागला. सगळा इंग्रजीत. सौरऊर्जेला किती, पवनऊर्जेला किती, विजेवरच्या गाड्यांना किती, अशी क्षेत्रवार बेरीज आहे. कर्ज कोणाला दिलं, कुठल्या जिल्ह्यात, ते नाही. नेदरलँड्समधली ट्रायोडोस बँक 1980 पासून चालू आहे आणि ती कर्जं कुणाकुणाला दिली त्यांची नावं सगळ्यांसाठी जाहीर करते. म्हणजे ते अशक्य नाही.

नाव-गाव कळलं की किती फरक पडतो ते मला इथेच, इंदूरमध्ये कळलं. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या महापालिकेने 244 कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे लोकांकडून व्याजाने कर्ज घेतलं, व्याज 8.25 टक्के. कशासाठी, तर जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प. मी दहा हजारांचे घेतले होते. जलूदहून नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटर आणि विंध्याची चारशे मीटरहून जास्त चढण चढून आपल्या नळाला येतं, आणि ते चढवायला वीज लागते. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. पहाटे टाकीत पाण्याची धार पडायला लागली की मला तो प्रकल्प आठवतो. दोन लाखांच्या ठेवीशी माझं असं नातं जुळलेलं नाही. अर्थात रोख्यांना ठेव विमा नाही, डीमॅट खातं लागतं, आणि मध्येच पैसे हवे झाले तर बाजारात घेणारा शोधावा लागतो. आयुष्याची पुंजी त्यात घालू नका.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या नियमांत झाड, पाणी, वीज यांचा हिशेब आहे. माणसं त्यात फार थोडी आहेत. आपल्याकडे बँक म्हणजे आधी माणसं, हे काही नवं नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांच्या माणदेशी महिला बँकेचा परवान्यासाठीचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि 1997 मध्ये बँक उभी राहिली. पण हरित ठेवीचे हे नियम माणदेशीसारख्या नागरी सहकारी बँकांना लागूच नाहीत. ज्या बँकांना आपल्या गल्लीतला कर्जदार चेहऱ्याने माहीत असतो, त्याच बाहेर राहिल्या, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून वीस हजार मी जवळच्या एका महिला साख संस्थेत, म्हणजे पतसंस्थेत, ठेवलेत. तिच्या कर्जातून आमच्या भाजीवालीने हातगाडी सोडून विजेवरची लोडर रिक्षा घेतली, सावकाराचा रोजचा हप्ता सुटला. साख संस्थेतल्या ठेवीला सरकारी विमा नसतो, म्हणून रक्कम वीस हजारच, आणि दरवर्षी त्यांचा ताळेबंद मागून बघते.

ठेव मी मोडणार नाही. मुदत संपली की पुन्हा हरितमध्येच टाकायची, अशी लेखी सूचना शाखेत देऊन ठेवली आहे, पोच घेतली आहे. सोबत एक अर्जही दिला: अहवालाचा दोन पानी सारांश हिंदीत छापून शाखेतल्या फलकावर लावावा, आणि मध्य प्रदेशात किती कर्ज दिलं ते त्यात असावं. अर्जावर आमच्या कॉलनीतल्या अकरा जणींच्या सह्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत.